भरल्या ताटावरची घंटा

मी एक जुनी पितळी घंटा आहे. मित्रांनो, गोड गोष्ट हवी असेल तर दुसरीकडे जा. माझ्याकडे ती नाही.

अमेरिकेतल्या आयोवाच्या माळावर लेम्युएल स्ट्राउडची खाणावळ होती. तिच्या ओसरीत मला टांगलं. घोडागाडी घोडे बदलायला थांबली की लेम माझी दोरी ओढायचा आणि प्रवासी लांबलचक मेजाभोवती बसायचे. खारवलेलं डुकराचं मांस, मक्याची भाकरी, पोट फुटेस्तोवर. रांधायची त्याची बायको थर्झा. तिच्या हातच्या जेवणासाठी माणसं वाट वाकडी करून यायची. तिची सगळी दौलत तेवढीच.

मतदानही आमच्याच ओसरीत व्हायचं. लेम गावजेवण घालून ओरडायचा, "मत कुणालाही द्या रे, पण तोंड पुसून द्या!" एका वर्षी तो स्वतःच उभा राहिला. लोक हसले आणि त्यालाच आमदार म्हणून निवडून दिलं.

राजधानीत त्याने रेल्वे कंपनीला सरकारी जमीन मिळवून दिली. बदल्यात प्रत्येक आगगाडी जेवणासाठी आमच्याकडे थांबणार होती.

थर्झा म्हणाली, "लेम, घोडे दमतात म्हणून गाडी थांबते. इंजिन कशाला थांबेल?"

"माणसांना भूक लागते ना, बाई!"

रुळांलगत लेमचं विटांचं हॉटेल उभं राहिलं आणि मला तिथे टांगलं. दारातच पैसे घ्यायचे, मग उकळतं सूप ठेवायचं. प्रवासी फुंकर घालताहेत तोच लेमला सामील असलेला गाडीचा गार्ड डोळा मिचकावायचा आणि लेम मला बडवायचा, "पळा, गाडी सुटली!" ताटात टाकलेलं मांस पुढच्या गाडीला वाढायचं.

एक म्हातारा दारातून ओरडला, "आमदारसाहेब, दरोडेखोर परवडले! ते लुटण्याआधी जीभ तरी भाजत नाहीत!"

थर्झाने डाव आपटला. "भरल्या ताटावरून उठवतोस माणसांना? अन् तेच मी दुसऱ्याला वाढू? या वाटेवर माझ्या हाताचं नाव आहे."

"नाव काय चाटायचंय?" लेम म्हणाला.

तक्रारी वाढल्या. कंपनीने गाडीलाच जेवणाचा डबा जोडला. लेमचा विश्वास बसेना. त्या दुपारी त्याने थर्झाला मेज मांडायला लावलं आणि दोन्ही हातांनी माझी दोरी ओढली. गाडी हळूसुद्धा झाली नाही. खिडक्यांतून माणसं दिसली, गळ्याला रुमाल बांधून चघळत बसलेली. एकानेही मान वळवली नाही.

"इंजिनाला भूक नाही, लेम," थर्झा म्हणाली आणि वाफाळतं सूप मागीलदारी ओतून आली.

पुढच्या निवडणुकीला लेमने पुन्हा फुकट जेवण मांडलं. गावकरी म्हणाले, "येतो की! पण आधी ती घंटा उतरव." कुणी आलं नाही. तो पडला. हॉटेल गेलं. थर्झा त्याच हिवाळ्यात तापाने गेली. तिला पोचवायला आलेल्यांत तिच्या हातचं एकदा तरी पोटभर जेवलेले पुष्कळ होते. पण बोलणं निघालं ते उष्ट्या मांसाचंच.

आता मी एका शाळेत आहे. मास्तर मला घासूनपुसून लखलखीत ठेवतात. दुपारी मुलं डबे उघडतात, निम्मी भाकरी हातात असते आणि मास्तर दोरी ओढतात.

मित्रांनो, मला नाही चमकवलंत तरी चालेल. जेवणाऱ्याला जेवू द्या, एवढंच.

तुम्ही ऐकणार नाही. मोठे झालात की दोरी तुमच्या हातात येईल, आणि तुम्हीही ओढाल.