वर्षभर ऐकल्यानंतर

नातीचं बोट वर गेलं आणि त्याच क्षणी आजोबांचंही. दोघांच्या कानांवर लाकडी वाट्यांचे मोठे हेडफोन होते आणि दोघांच्या वायरी एकाच यंत्रात खोचलेल्या होत्या. ध्वनिमुद्रणात किल्ल्यांचा जुडगा किणकिणला की बोट वर करायचं, असा खेळ होता. तीस वर्षांपूर्वी एका सभागृहात व्हायोलिनवादन रंगलेलं असताना तिसऱ्या रांगेतल्या कुणा बाईंनी मांडीवरचा जुडगा चार वेळा हलवला होता, आणि कार्यक्रम मुद्रित करणाऱ्या आजोबांनी तेव्हा कपाळावर हात मारून घेतला होता. पुढे त्याच चार किणकिणाटांवर त्यांनी घरातल्या, शेजारच्या, नात्यागोत्यातल्या कितीतरी मुलांचे कान तयार केले. पाहता आपोआप येतं, ऐकायला मात्र शिकावं लागतं, असं ते प्रत्येकाला सांगत.

चारही वेळा दोघांची बरोबरी झाली. नातीने हेडफोन उतरवला आणि कान चोळले.

"खेळ मस्त आहे. पण हा टोचतो."

"गादी घट्ट बसते का?"

"गादी नाही हो आजोबा, आवाज टोचतो. तुमचा द्या बघू."

आजोबांनी आपल्या कानांवरचा काढून दिला. दोन्ही जोड एकाच कारखान्यातले, दिसायला जुळे भाऊ. आजोबांकडचा पहिल्या खेपेतला होता आणि नातीकडचा दुसऱ्या खेपेतला. तिने तोच तुकडा पुन्हा लावला, डोळे मिटले आणि मान डोलावली.

"हा छान आहे. ह्याच्यात व्हायोलिन आहे. त्याच्यात कुणीतरी काचेवर नख ओढतंय."

आजोबा हसले. पण हसताना त्यांची नजर टेबलावरच्या कागदांकडे गेली. आयुष्यभर रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रण केलेल्या या माणसाला तिथे सगळे ससोबा म्हणत. पलीकडच्या खोलीतला पंखा कुरकुरला तरी त्यांचे कान उभे राहायचे म्हणून. निवृत्तीनंतर ते एका मासिकात सदर लिहू लागले. नवा जावई आणि नवा हेडफोन यांच्याबद्दल वर्षभर मत देऊ नये, हा त्यांचा नियम वाचकांत प्रसिद्ध होता. दुसऱ्या खेपेच्या या जोडाला परवाच वर्ष पुरं झालं होतं आणि टेबलावर त्याच्यावरचा लेख अर्धा लिहून पडला होता. शेवटची ओळ अशी होती: 'वरचे सूर इतके मोकळे, की वर्षभरात एकदाही कान थकले नाहीत.'

"आता माझी पाळी," नात म्हणाली. "तुम्हाला तुमची टेप पाठ आहे. मी नवीन करते."

ती आईचा फोन आणि घराच्या किल्ल्या घेऊन आतल्या खोलीत गेली. पाच मिनिटांनी परत आली, फोन यंत्राला जोडला, एक जोड स्वतःच्या कानांवर चढवला आणि परीक्षकासारखी हाताची घडी घालून समोर बसली.

आजोबांनी दुसरा चढवला. बंद पाठीचा हेडफोन कानांवर बसला की जग दार लोटून घेतं. रस्ता गेला, पंखा गेला, स्वयंपाकघरातली भांडी गेली. नातीचं पुस्तकवाचन ऐकू येऊ लागलं. एक परिच्छेद झाला, दुसरा झाला. आजोबा बोट तयार ठेवून बसले होते. नात आधी गालात हसत होती. मग तिचं हसू ओसरलं. मग तिने स्वतःच बोट वर करून दाखवलं. आणखी एकदा. आणखी एकदा. आजोबांना फक्त तिचं वाचन ऐकू येत होतं.

तिने पुढे होऊन त्यांच्या एका कानावरची वाटी उचलली.

"आजोबा, तुम्ही मुद्दाम हरताय ना?"

"हो," आजोबा म्हणाले. "मुद्दाम."

शब्द इतका चटकन आला, की त्याचंच त्यांना नवल वाटलं. जणू तो तोंडात तयारच होता.

त्याच आठवड्यात कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. आजोबा बराच वेळ बटण हातात धरून बसून राहिले. बाहेर आल्यावर बाईंनी कागद पुढे केला. त्यावरची रेघ थोडा वेळ सरळ चालून मग जिना उतरावा तशी खाली गेली होती.

"बोलणं तुम्हाला चांगलं ऐकू येतं. वरचे बारीक आवाज मात्र गेलेत. वयाने जातात तसेच."

"कधीपासून?"

"नक्की कसं सांगू? पण असा उतार काही वर्षभरात होत नाही. आठदहा वर्षं तरी लागली असतील."

"पण मला ऐकू यायचं. माझ्या जुन्या टेपांवरचं सगळं..."

"पाठ असेल," बाई सहज म्हणाल्या. "पाठ असलेलं डोकंच वाजवून दाखवतं."

घरी बायकोने कागद चष्मा लावून पाहिला आणि परत दिला. "वीस वर्षं मी सांगतेय, तुम्हाला ऐकू येत नाही. तेव्हा म्हणायचात, हेडफोन घातला होता. आता शिक्का मारलेला कागद आला, तेव्हा खरं!" नेहमी ते यावर काहीतरी उलट बोलत. आज ते कागदाच्या घड्या घालत राहिले, तेव्हा तिने चहाचा कप त्यांच्या हाताजवळ सरकवला आणि आवाज खाली आणला. "त्या पोरीला सांगायला हवं."

ती पोर आता चाळिशीला आली होती. रेडिओ केंद्रात उमेदवार म्हणून आली तेव्हा आजोबांनी तिला ऐकायला शिकवलं होतं. सुताराची लेक, लाकडाचा हात जन्मजात. नोकरी करता करता तिने घरी लाकडी वाट्यांचे हेडफोन बनवले आणि पहिली खेप आजोबांच्या लेखावर हातोहात खपली. त्या बळावर तिने नोकरी सोडली, दोन खोल्या घेतल्या, दोन बाया कामाला ठेवल्या. आजोबा तिला कौतुकाने कारखानदारीणबाई म्हणत. दुसऱ्या खेपेच्या आधी ती म्हणाली होती, "सर, यायला हवं. तुम्ही ऐकल्याशिवाय मी पुढे जाणार नाही." आजोबा गेले, दिवसभर ऐकलं आणि निकाल दिला: वरचे सूर झाकलेत, पडदा काढ. वाटीच्या आत स्पीकरसमोर फेल्टची एक पातळ चकती होती. ती तिने त्यांच्या शब्दाखातर काढून टाकली.

दोन-तीन महिन्यांनी तिचा फोन आला होता. "सर, काही जण म्हणतात, टोचतो." तेव्हा आजोबांनी ठेवणीतलं वाक्य काढलं होतं: "मिणमिणत्या दिव्याची सवय झालेल्याला उजेड टोचतोच." तिने ते वाक्य छापून खोक्याखोक्यात घातलं होतं. त्यांच्या नावासकट.

आजोबांनी अर्धा लेख फाडला आणि नवा लिहायला घेतला. चार दिवस लागले. आपले कान, डॉक्टरीणबाईंचा कागद, नातीचं बोट, फेल्टची चकती, सगळं त्यांनी लिहिलं. स्वतःला कुठेही पाठीशी घातलं नाही, असं त्यांना वाटलं. बायकोला वाचून दाखवलं तेव्हा तिने डोळ्यांना पदर लावला. लेख चांगला उतरल्याचं त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

मासिकाकडे धाडण्याआधी ते कागद घेऊन कारखान्यात गेले.

पुढच्या खोलीत परत आलेली खोकी भिंतीला लावून छातीइतकी रचली होती. कामावर एकच बाई दिसली. ती मान खाली घालून फेल्टच्या चकत्या कापत होती. कारखानदारीण एका जोडाची गादी उचकटून आत चकती बसवत होती. तिने हात न थांबवता पायानेच स्टूल पुढे सरकवलं.

"या सर. उन्हाचं कशाला आलात? फोन केला असता तर मी आले असते."

"दुसरी बाई कुठे गेली?"

"तिला दुसरीकडे काम बघ म्हटलं. चांगली होती. हात हलका होता तिचा." तिने जोड बाजूला ठेवला. "काय आणलंत?"

आजोबांनी कागद दिले. तिने हात पुसले आणि खिडकीपाशी उभं राहून वाचायला सुरुवात केली. चकत्या कापणाऱ्या बाईची कात्री चालत होती. तिचा आवाज आपल्याला नीट येतो आहे की अर्धाच, हे आजोबांना ठरवता येईना.

तिने शेवटचं पान वाचलं आणि पुन्हा दुसऱ्या पानावर आली.

"चांगलं लिहिलंय सर. पण हे छापलंत तर लोक म्हणतील, मग पहिल्या खेपेची स्तुती तरी कशी खरी मानायची?"

"म्हणतील. पण मग तूच सांग, काय करू? नको छापू?"

"मी तसं कुठे म्हटलं? मी सगळ्या गिऱ्हाइकांना पत्रं टाकली गेल्या आठवड्यात. जोड परत पाठवा, दुरुस्त करून देते, चूक आमची आहे, असं लिहिलं."

"तुझी कशी? चकती मी काढायला लावली."

"माझं मोजणीचं यंत्र मला ओरडून सांगत होतं, की वरचे सूर चढलेत. मी यंत्राचं ऐकलं नाही, तुमचं ऐकलं. ती चूक माझीच ना? माझी मी लिहिली. तुमची तुम्ही लिहा." ती जवळ आली आणि दुसरं पान त्यांच्यासमोर धरलं. "फक्त एवढं एक वाक्य आहे बघा."

तिचं नख ज्या ओळीखाली होतं ती ओळ आजोबांना न वाचताही माहीत होती. 'त्या वेळी मला याची काहीच कल्पना नव्हती.'

"तुम्ही ऐकायला आलात त्या दिवशी यंत्रावर शिट्टी लावली होती आपण," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, उमेदवार असताना शंका विचारायची तसाच आवाज होता. "हळूहळू वर चढत जाणारी. कुठवर ऐकू येते ते तुम्ही सांगायचं होतं. मध्येच दारात कुरियरवाला आला म्हणून मी ती थांबवली. सही करून आले आणि पुन्हा लावायची विसरले. तसंच विचारलं, 'सर, अजून येतंय ना?'"

आजोबांची नजर त्या ओळीवरच होती.

"तुम्ही म्हणालात, 'स्वच्छ.'"

चकत्या कापणारी बाई उठली आणि मागच्या खोलीत निघून गेली.

"तुला कधी लक्षात आलं?"

"त्याच संध्याकाळी. यंत्र बंद करायला गेले तेव्हा."

"आणि तरी चकती काढलीस?"

"मला वाटलं, माझाच काहीतरी घोळ झाला असेल. सरांना ऐकू आलं म्हणजे कुठेतरी आलं असणार. तुम्ही चुकाल असं वाटायची सवयच नव्हती ना. लागली, तोवर अख्खी खेप बाहेर गेली होती. मग वाटलं, सर स्वतःच सांगतील. वर्षभर वाट पाहिली."

आजोबांना ती दुपार आठवली. विसरायला ती गेलीच नव्हती कुठे. कानात बंद खोलीची शांतता होती, आणि समोर उभ्या असलेल्या या मुलीच्या चेहऱ्यावर त्यांच्या उत्तराची वाट होती. ऐकू येत नाही, हे त्यांना स्वच्छ कळलं होतं. किती सोपं होतं म्हणायला. मुलांना ते हेच तर शिकवत आले होते: ऐकू आलं नाही तर आलं नाही म्हणा, अंदाजाने बोट वर करू नका.

त्यांनी कागद मांडीवर घेतला. ओळीवर हात फिरवला आणि मग तो पुढे पसरला.

"लिहायला काही दे."

तिने टेबलावरची, लाकडावर खुणा करायची पेन्सिल उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांत धरली, टोक ओळीपर्यंत नेलं आणि थांबले.

"ही नको," ते म्हणाले. "पेन दे."

तिला पेन लवकर सापडेना. ती एकेक खण उघडून बघत राहिली आणि आजोबा हात पुढे धरून तसेच बसून राहिले.