गळत्या केसांचा ठपका

बाळ चार महिन्यांचं झालं आणि तिचे केस मुठीमुठीने गळायला लागले. बाथरूमच्या जाळीत अडकलेला गुंता सासूबाई रोज कागदावर काढायच्या आणि पंचनामा करावा तसा मुलाला दाखवायच्या. "बघ, अजून कामावर रुजूही झाली नाही, नुसत्या विचाराने ही गत. राजीनामा देऊन टाक म्हणावं."

नवऱ्याच्या डोक्यावर मागे चंद्र उगवला होता, त्याचं कारण मात्र घरात सर्वमान्य होतं. बिचारा कष्ट उपसतो. म्हणजे कामापायी त्याचे केस गेले तर कौतुक, आणि तिचे गेले तर राजीनामा. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी बाळाला घेऊन तिघंही केसांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी बाळंतपण, रजा सगळं विचारून घेतलं आणि तिचं डोकं तपासलं.

"बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी असं होतं. बहुतेक वर्षभरात आपोआप भरून येतील. रक्त तेवढं तपासू."

"आणि नोकरीचं टेन्शन?" सासूबाईंनी विचारलं.

"ती सुरू कुठे झालीय अजून?" बाई नवऱ्याकडे वळल्या. "तुमचं मात्र आनुवंशिक दिसतंय. ते आईकडूनही येतं बरं का."

सासूबाईंनी पर्सची चेन उघडली आणि पुन्हा लावली.

जिन्यात नवरा हळूच म्हणाला, "आई आपली काळजीपोटी बोलली गं."

"काळजी होती तर आधी डॉक्टरकडे आणायचं. राजीनामा कशाला मागायचा? सोमवारी मी रुजू होतेय. सकाळचं बाळाचं तू बघायचंस."