फरशीला कॉफी

नात सातव्या महिन्यातच जन्मली, आणि त्याच सकाळी दमयंतीबाईंच्या स्वयंपाकघरातली फरशी श्वास घेऊ लागली. मधोमध ती बशीसारखी खाली जाई आणि पुन्हा सपाट होई. बाळ होतं गावाच्या दुसऱ्या टोकाला, दवाखान्यात, काचेच्या पेटीत. फरशी होती इथे, मिरजेतल्या दुसऱ्या मजल्यावर. दमयंतीबाईंनी पिठाचा डबा भिंतीकडे सरकवला आणि सुनेला फोन लावला.

"अनघा, बाळ श्वास कसा घेतंय गं?"

"घेते, मग विसरते. मग परत घेते."

फरशीचंही तसंच चाललं होतं.

दुपारी जेवणाचा डबा घेऊन त्या दवाखान्यात गेल्या, तेव्हा त्यांनी डॉक्टरीणबाईंना फरशीचं सांगितलं. बाईंनी मान डोलावली.

"होतं असं. छातीखाली एक स्नायू असतो, तो खाली ओढला गेला की श्वास आत येतो. घाईनं आलेल्या बाळांचा तो कच्चा असतो. हिचा तर घरीच राहिलाय. आम्ही इथे तिला कॅफीन देतोय, पण ते डोक्याला पोचतं. स्नायूला तुम्ही द्या. रोज सकाळी कॉफी करा आणि फरशीवर ओता."

"दूध, साखर?"

"कोरी. दुसरं काही नको."

"आणि फरशी थकली तर?"

"तर बाळही थकेल."

दमयंतीबाईंना त्यात नवल वाटलं नाही. त्यांचं पहिलं बाळ असंच घाईचं होतं. शिरोळला, कापसात गुंडाळून टोपलीत ठेवलेलं. सासूबाई शेजारी शेगडी घेऊन बसल्या होत्या. त्या बाळाचा स्नायू कुठे राहिला होता, हे तेव्हा कुणी शोधलंच नाही. बारशाच्या आधीच टोपली रिकामी झाली. पुढे त्या टोपलीत कांदे ठेवत.

रोज सकाळी त्या कॉफी उकळून, निववून, मधल्या फरशीवर ओतू लागल्या. फरशी ती पिऊन टाके, डागसुद्धा उरत नसे. थोड्या वेळाने ती खोल खोल जाऊ लागे, मांडणीतल्या वाट्या किणकिणत. खोल जायला जागा लागते. ती जागा फरशी भिंतींकडून घेई. भिंती आत सरकल्या. फ्रिजचं दार अर्धंच उघडू लागलं. बैठकीतून आत यायला अंग चोरावं लागे. दमयंतीबाईंनी डायनिंग टेबल विकून टाकलं.

खालच्या मजल्यावरचे माणगावकर एकदा वर आले. एकटा माणूस, हातात जेवणाचं ताट तसंच.

"वहिनी, तुमची नात माझ्या टकलाला लागते."

"लागायचीच. वजन वाढतंय तिचं."

"पंखा काढून ठेवला मी, तक्रार नाही माझी. पण काल तिला उचकी लागली होती का?"

"लागली होती."

"तरीच. आमटीत सगळा गिलावा पडला. ही बघा." ताट पुढे करून ते तसेच उभे राहिले. दमयंतीबाईंनी त्यांना दुसरी आमटी वाढून दिली.

मग एके सकाळी अनघाचा फोन आला. "आई, आज तिनं माझं बोट धरलं. सोडेचना."

दमयंतीबाई पातेल्यासमोर उभ्या होत्या. त्यांच्या माहेरी काय, सासरी काय, रोजचा तो चहा. कॉफी असायची मुलगी बघायला पाहुणे आले की, नाहीतर कुणी मॅट्रिक पास झालं की. अशा दिवशी हात जातो तिथे त्यांचा हात गेला. मसाल्याच्या डब्यातून त्यांनी जायफळ काढलं, बारक्या किसणीवर दोनदा फिरवलं आणि कॉफी ओतली. वास वर आला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. जायफळ बाळांना उगाळून चाटवतात ते झोप लागावी म्हणून.

फरशीने लांब जांभई दिली आणि ती सपाट झाली.

फोन अजून चालूच होता. "आई, श्वास विसरली. नर्स तळव्याला टिचक्या मारतायत."

दमयंतीबाईंनी टाच आपटली. फरशी ढिम्म. मग त्यांनी फोन पदरात धरला, मधोमध जाऊन बसल्या आणि अंग सैल सोडलं. त्यांच्या भाराने फरशी खाली गेली.

"घेतला," अनघा म्हणाली. "आता सोडत नाहीये."

"माणगावकर!"

"काय हो?" आवाज अगदी मांडीखालून आला.

"छत वर ढकला!"

खाली टेबल ओढल्याचा आवाज झाला. फरशीतून दहा बोटं दमयंतीबाईंच्या मांडीला टोचली. फरशी वर आली.

"सोडला," अनघा म्हणाली.

असं ठरलं मग. त्यांनी बसायचं, माणगावकरांनी ढकलायचं.

"वहिनी, तुम्ही जेवता तरी काय?"

"बोलू नका. ढकला."

"खांदे गेले माझे."

"जाऊ देत. ढकला."

घेतला. सोडला. घेतला. सोडला. भिंती दोन्ही बाजूंनी दमयंतीबाईंच्या दंडांना टेकल्या होत्या. त्यांना काही वाटत नव्हतं. पाय बधिर झाले होते, मग कंबर.

"वहिनी," माणगावकर म्हणाले. आवाज दुरून आला. "मी केव्हाच हात काढलेत. टेबलावरून उतरलोय."

फरशी वर येत होती. सपाट झाली, आणि तरी थांबली नाही. ओट्याची कड नजरेसमोरून खाली गेली, मग मांडणी, मग घड्याळ.

"अनघा, काय करतेय गं ती?"

"श्वास सोडतेय."

"आणि आता?"

"अजून सोडतेय, आई."

छत केसांना लागलं. दमयंतीबाईंनी मान वाकवली. मग त्या उताण्या झोपल्या, फोन छातीवर ठेवला, दोन्ही तळवे छताला लावले आणि पाठीने फरशी खाली रेटत कोपर ताठ केले.