भावाची स्लाइड

ताईने स्लाइड तिरपी धरून नळाच्या बारीक धारेखाली जांभळा रंग धुतला आणि ती वाळायला उभी केली. जनावरांच्या या दवाखान्यात रक्त तपासायला लागून तिला एकतीस वर्षं झाली होती. आज स्लाइड्स दोन होत्या. एक धाकट्या भावाच्या कुत्रीची, दुसरी भावाची.

परवा कुत्रीच्या तोंडातून हाड काढताना भावाच्या अंगठ्याला दात लागला होता. तेव्हापासून घरादाराचे डोळे कुत्रीवर. ती पाणी पिते का, लाळ गाळते का. ताप मात्र भावाला होता.

"काय म्हणते पेशंट?" त्याने विचारलं. मफलर दोनदा गुंडाळूनही त्याचे दात वाजत होते.

"तुझ्यापेक्षा बरी आहे."

"मग मलाही घाल बाकाखाली तिच्याशेजारी."

भावजय हसली नाही. "काल डॉक्टरांनी साधा फ्लू सांगितलाय, वन्सं. पण ह्यांचं आपलं एकच, आधी कुत्री दाखवू."

कुत्रीच्या रक्तात वावगं काही नव्हतं. ताईने भावाची स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली आणि तिची बोटं फोकसच्या चक्रावरच थांबली. पांढऱ्या पेशींच्या पोटात बारीक, लांबट काड्या होत्या. गिळलेल्या, पण न पचलेल्या.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मोठ्या डॉक्टरांनी हेच जंतू कुत्र्याच्या रक्तात आणि मग तिच्या स्वतःच्या रक्तात कालवून दाखवले होते. कुत्र्याच्या पेशी त्यांच्यावर तुटून पडल्या. तिच्या पेशी मात्र घरात पाहुणा आल्यासारख्या गप्प. "कुत्र्याच्या तोंडात हे सुखाने नांदतात," डॉक्टर म्हणाले होते. "आपल्या रक्तात शिरले तर प्लीहा गाळून काढते. ज्याला प्लीहाच नाही, त्याच्याजवळ वेळ नसतो."

तिने पुन्हा डोळा लावला. तांबड्या पेशींत मधूनमधून एकेक जांभळा ठिपका, पेशीतच राहून गेलेला कचरा. प्लीहा असती, तर तिने ते कधीच वेचून काढले असते.

"काल डॉक्टरांनी ऑपरेशनचं विचारलं होतं?"

"विचारलं ना," भावजय म्हणाली. "अपेंडिक्सचं झालंय, सांगितलं मी."

"आणि तू?"

"मी हो म्हटलं," भाऊ म्हणाला. मग त्याने बहिणीकडे पाहिलं आणि अंगठा मफलरमध्ये खुपसला.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी तो मोटारसायकलवरून पडला, तेव्हा हॉस्पिटलच्या कागदावर सही ताईने केली होती. आईने गाडी विकायला लावली असती, म्हणून दोघांनी मिळून अपेंडिक्स ठरवलं. पुढे गाडी गेली, आईही गेली, अपेंडिक्स राहिलं. लग्न जमवतानाही तेच सांगितलं गेलं.

त्याच्या नाकाच्या शेंड्यावर निळसर डाग उमटू लागला होता. बाहेर जाऊन बोलायला वेळ नव्हता. ताईने तिथूनच हॉस्पिटलला फोन लावला.

"भाऊ आहे माझा. कुत्रीचा दात लागलाय, रक्तात जंतू दिसतायत. त्याला प्लीहा नाही. हो, काढलेली आहे. मी होते तिथे. शिरेतून द्यायचं अँटिबायोटिक तयार ठेवा, दहा मिनिटांत पोचतो."

भावजय कुत्रीची साखळी बाकाला अडकवत होती. कडी दोनदा निसटली. वर न बघताच तिने विचारलं,

"मग अपेंडिक्स आहे का ह्यांचं? आता तिथे मला विचारतील."

"आहे," ताई म्हणाली.

"बरं." तिने नवऱ्याच्या काखेत हात घातला. "उठा."