सलूनच्या खुर्चीचे सात खून

मित्रांनो, मला पाहून दचकू नका. मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. सिनेमात मी सात माणसे मारली हे खरे आहे, पण त्या सातही जणांनी नंतर माझ्याच शेजारी बसून चहा घेतला. इजा झाली ती वेगळ्याच माणसाला, आणि तीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा पाय ओतीव लोखंडाचा. कारखान्यात सगळे भाग जोडून झाल्यावर एक जाडजूड कारागीर माझ्यात धपकन बसला, दोनदा गरकन फिरला आणि म्हणाला, "जाऊ द्या हिला." तेवढीच माझी परीक्षा. तिथून मी एका अरुंद रस्त्यावरच्या सलूनमध्ये आले आणि एकतीस वर्षे खिडकीजवळ उभी राहिले. सलूनमध्ये मी एकटीच खुर्ची आणि मालकही एकटेच. बाजूचा दांडा दाबला की मी उंच होई. मागची कळ ओढली की माझी पाठ हळूहळू आडवी होई आणि गिऱ्हाईक डोळे मिटून दाढीला तयार होई. लहान मुलांसाठी मालक माझ्या हातांवर आडवी फळी टाकत. त्या फळीवर त्यांच्या मुलीने, ठकीनेही, भोकाड पसरून केस कापून घेतले आहेत.

ठकी मोठी झाली, सिनेमा शिकून आली. एके दिवशी सकाळीच येऊन तिने माझ्या हातावर थाप मारली.

"बाबा, ही खुर्ची मला पंधरा दिवस हवी. माझ्या पहिल्या सिनेमात मुख्य काम हिचंच आहे."

"काय करणार ही?"

"खून. जो बसेल तो मरणार. लोक घाबरतील, आणि पोट धरून हसतीलसुद्धा."

मालकांनी कात्री खाली ठेवली. "अगं, मग माझ्याकडे कोण बसेल?" पण ते हसत होते, आणि दुपारी मला गाडीत चढवायला त्यांनीच हात लावला.

एका रिकाम्या गोदामात चित्रीकरण सुरू झाले. कळ ओढताच माझी पाठ फटकन पडावी म्हणून मिस्त्रीने मला भोके पाडून आत जाड स्प्रिंग बसवली. पायाखाली चाकांची फळी लावली आणि मी माणसामागे जाऊन त्याला माझ्यात बसवावे म्हणून दोरीने मला ओढू लागले. मी एक न्यायाधीश मारला, एक दातांचा डॉक्टर, एक नवरदेव, आणखी चौघे. खरे सांगते, माझी चाल इतकी मंद होती की मरणाऱ्याला माझी वाट बघत दोनदा किंचाळावे लागे. नवरदेवाला मारायला निघाले आणि थेट भिंतीवर जाऊन आदळले. तेव्हा सगळे हसून हसून लोळले. ठकीला वाटले, थिएटरातही असेच होणार.

तसे झाले नाही. पहिल्या खेळाला मला थिएटरच्या दाराशी लाल दोरीच्या आत ठेवले होते. लोकांनी माझ्यासोबत फोटो काढले, आणि मला उगीचच अभिमान वाटला. मग ते आत गेले. दाराआडून किंकाळ्या ऐकू येत होत्या, पण त्या सगळ्या पडद्यावरच्या. लोक हसले ते एकदाच, कुणाचा तरी फोन वाजला तेव्हा. मध्यंतरात निम्मे लोक घरी गेले. जाता जाता एक बाई म्हणाली, "खुर्चीनं बरं काम केलंय." ठकी माझ्याशेजारीच उभी होती. तिने ते ऐकले.

खेळ संपल्यावर मालक बाहेर आले.

"बाबा, खरं सांगा."

"भीती नाही वाटली गं. हसूही नाही आलं. पण तिसऱ्या खुनात त्या माणसाच्या मानेवर उजेड छान पाडला होतास. तेवढं मला कळतं."

ठकी लाल दोरी ओलांडून निघून गेली.

मला परत पोचवणाऱ्यांनी घाईघाईत चाकांची फळी तेवढी काढली. स्प्रिंग तशीच राहिली. ठकीला तर माझ्याकडे बघायचीही इच्छा नव्हती. मालकांनी मला पुसून खिडकीजवळ ठेवले आणि दुसऱ्या दिवशी मास्तरांना बसवले. हे मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, वीस वर्षांचे गिऱ्हाईक. फेस लावून झाला. उजव्या हातात वस्तरा धरून मालकांनी डाव्या हाताने कळ ओढली.

माझी पाठ फटकन पडली. मालकांनी वस्तरा कोपऱ्यात भिरकावला आणि पाठ अडवायला डावा हात खाली घातला. मास्तर तोंडाला फेस घेऊन धडपडत उठले. त्यांना खरचटलेही नव्हते. मालकांची दोन बोटे मात्र माझ्या सांध्यात चेचली गेली. सात खून करताना मला काही वाटले नव्हते. त्या दिवशी हाड मोडल्याचा आवाज माझ्याच आतून आला.

ठकी धावत आली. हाताचे बँडेज पाहून दारातच थबकली.

"बाबा, स्प्रिंग काढायची राहिली. माझ्यामुळे झालं हे."

"हो, तुझ्यामुळेच," मालक म्हणाले. "पाना त्या खणात आहे."

ठकी जमिनीवर बसली. संध्याकाळपर्यंत तिने स्प्रिंग काढली, भोके बुजवली, सांध्यांना तेल दिले. मग स्वतः माझ्यात बसून चाळीस वेळा कळ ओढून पाहिली.

पण दाढीला दोन हात लागतात, एक गाल ताणायला आणि एक वस्तरा चालवायला. ठकी म्हणाली, "तुमचा डावा हात मी." पण बसायला कुणी येईना. सिनेमा फारसा कुणी पाहिला नव्हता, बोटांची बातमी मात्र सगळ्या रस्त्याला ठाऊक होती. माझ्यावर टॉवेल वाळत पडू लागले. एक गृहस्थ तर बाकावर बसूनच दाढी करून गेले.

अशाच एका रिकाम्या दुपारी मालक म्हणाले, "तुझ्या सिनेमात काय चुकलं सांगू? माणूस खुर्चीत बसला रे बसला की तू त्याला मारलंस. आधी त्याला मान टाकू दे, डोळे मिटू दे. माझ्या हातात वस्तरा असतो आणि समोरचा डोळे मिटतो ना, तेव्हा मला भीती वाटते."

"तुम्हाला? अजून?"

"रोज."

आठव्या दिवशी मास्तर आले. बाकाकडे न जाता माझ्यापुढे उभे राहिले.

"काय गं ठके, नीट बघितलंस ना?"

"चाळीस वेळा बसून बघितलं, मास्तर."

"मग हरकत नाही." ते बसले, मागे रेलले आणि त्यांनी डोळे मिटले. ठकीने त्यांचा गाल ताणला. फेसावरून तिची बोटे दोनदा घसरली. मालक वस्तरा उचलून थांबले. बोटे घट्ट बसल्यावरच त्यांनी पहिला हात फिरवला.

मित्रांनो, आता माझी गादी विटली आहे, एक हातही सैल झाला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मागणे एवढेच की कुणाची वस्तू नेऊन तिच्यात काही बदल केलात, तर परत देताना स्वतः वाकून बघा. घाई असेल, मन खट्टू असेल, तरी बघा. लोक आमच्यावर विश्वासाने बसतात, आणि आम्हाला ओरडून त्यांना सावध करता येत नाही.