पेंटरची घडीची खुर्ची

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. मित्रांनो, माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. माझ्या मनात गोडवा उरलेला नाही.

एका सुताराने मला खोक्यांच्या फळ्यांतून बनवले, बसायला जाड कापड ठोकले आणि आपल्या बायकोच्या भावाला दिले. हा भाऊ बहिणीकडेच राहायचा आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सगळे त्याला पेंटर म्हणत. पाट्या संपल्या की मला काखोटीला मारून तो मागच्या गल्लीत जायचा आणि तीच गल्ली रंगवत बसायचा.

गल्ली कसली! टेकू दिलेल्या भिंती, गळके नळ, ओल धरलेले जिने. तो सगळे जसेच्या तसे काढी. आधी लोकांना वाटले, हा घरे पाडणाऱ्यांचा माणूस आहे. चित्र पाहिल्यावर ते अधिकच भडकले. सर्वांत जास्त भडकली कोपऱ्यावरची इस्त्रीवाली. तिच्या दोरीवरचा फाटका परकर त्याने फाटकाच काढला होता. तिने निळीच्या पाण्याची बादली आम्हा दोघांवर रिकामी केली.

“आमची भोकं जगाला दाखवतोस?” ती म्हणाली. “जा, स्वतःच्या घरची काढ.”

पेंटरने मला पुसले, हातभर मागे सरकवले आणि तो पुन्हा बसला. तो कधी उलटून बोलत नसे. मला त्याचाही राग येई.

घरी बहीण तोंड सोडायची, कारण चित्रांच्या गर्दीत खाट टाकायला जागा उरली नव्हती. एकदा तो चार चित्रे आणि मला घेऊन चित्रांच्या दुकानात गेला. दुकानदाराने जागचे न उठता सांगितले की ओल पुसायला लोक पैसे देतात, भिंतीवर लावायला नाही. पेंटर मान हलवून परत आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गल्लीत जाऊन बसला.

मग गल्ली रिकामी करण्यात आली. भांडीकुंडी घेऊन माणसे शहराबाहेर गेली. पेंटर रिकाम्या घरांचे चित्र काढू लागला, तर रखवालदाराने त्याला हुसकावले. त्याच वर्षी छातीच्या दुखण्याने तो वारला. बहिणीने चित्रे आणि मला एकाच हातगाडीवर घालून भंगारात दिले. जाताना तिने मागे वळून पाहिले नाही.

पुढे त्या गल्लीचे दिवस पालटले. भिंतींना फिकट रंग लागले, दारांत कुंड्या आल्या आणि इस्त्रीवालीच्या कोपऱ्यावर कॉफीचे दुकान निघाले. मालकाने भंगारवाल्याकडून एक चित्र आणि मला विकत घेतले. चित्राखाली चिठ्ठी लावली: ‘जुनी गल्ली. चित्रकार अज्ञात.’ मला त्याखाली मांडून माझ्या दोन्ही हातांना आडवी दोरी बांधली. गिऱ्हाइके म्हणत, काय छान दिसायचे ना पूर्वी! ओल छान, टेकूही छान. राहणारे गेले म्हणून छान.

एके दुपारी एक म्हातारी धापा टाकत आत आली. तिने दोरी सोडली आणि ती माझ्यावर बसली. मी तिला ओळखले. ती इस्त्रीवाली होती. किती वर्षांनी माझ्या कापडाला माणसाचे वजन लागले होते! मॅनेजर धावत आला.

“आजी, उठा. ही बसायची खुर्ची नाही.”

“मग काय निजायची आहे?”

तिने चित्राकडे बोट केले. “हे माझं दार. तू उभा आहेस ना, तिथं माझं इस्त्रीचं टेबल होतं. मेल्यानं परकर फाटकाच ठेवलाय बघ.”

मॅनेजरचा आवाज एकदम गोड झाला. चित्रकाराचे नाव सांगितले तर चिठ्ठीवर छापता येईल, असे तो म्हणाला.

“पेंटर म्हणायचो आम्ही,” ती म्हणाली. “नाव कोणी विचारलं नाही.”

ते छापण्याजोगे नव्हते. मॅनेजरने दुकानाच्या रखवालदाराला खूण केली, त्याने दंडाला धरून म्हातारीला उठवले आणि तिच्याच उंबरठ्याबाहेर नेऊन सोडले. दोरी पुन्हा बांधली गेली.

नाव मला तरी कुठे ठाऊक आहे? बहीण त्याला दादा म्हणायची, सुतारही पेंटरच म्हणायचा.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असे तुम्हाला शिकवतात. माणसाला उठवून मला जपणार असाल, तर त्यापेक्षा चुलीत घाला. आणि तुमच्या दारासमोर कोणी चित्र काढत बसला, ते तुम्हाला आवडले नाही, तर खुशाल भांडा. पण भांडण्याआधी त्याचे नाव विचारा.