झरेबाबाचा तांब्या आणि केवळाचं कुंकू

झरेबाबानं तांब्या पालथा केला, पाणी सांडून तो रिकामा झाला. मग चौरंगावर ठेवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला, उचलून ओतला, तर पुन्हा पाणी! अंघोळीला तांब्याभर पाणी मिळेना अशा वर्षी रिकामा तांब्या आपोआप भरताना दिसल्यावर बोरगव्हाणची माणसं येडी नाही होणार तर काय होणार? शाळेपुढं जत्राच भरली. टँकर आला तरी बाया घागरी घेऊन उठेनात.

"ही गंगा काशीहून जमिनीखालून निघती," बाबा सांगायचा, "नांदेडात गोदामाईला रामराम घालती, विष्णुपुरीचं धरण चुकवती, अन् थेट ह्या तांब्यात येती." एवढा प्रवास करून गंगा पावशेरच कशी येते, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

सुचलं ते सिंधुबाई गायकवाडांना. त्या सहावीला विज्ञान शिकवायच्या, आणि सध्या त्यांचं डोकं तापलेलं होतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला. नव्या जिल्ह्यानं येत्या जूनपासून गावाला सातवीचा वर्ग दिला होता, पण रिकामी खोली एकच, आणि ती सरपंच हणमंतराव बाबाच्या मठाला द्यायला निघाले होते. बदल्यात बाबा विहिरीला पाणी आणणार होता. खोली गेली की सातवी गेली. पोरं सायकली हाणत निलंग्याला जातील हो, पण त्यांच्या वर्गातल्या केवळासारख्या पोरींची शाळा तिथंच संपणार. केवळाला तर पाहुणे बघूनही गेले होते.

बाईंनी भाषण ठोकलं नाही. डालड्याचा डबा वर्गात आणला. बुडाला भोकं, झाकणाला एक भोक. पाण्यात बुडवून वरच्या भोकावर अंगठा दाबून उचलला, तर थेंब गळेना. अंगठा काढला की धारा सुरू. वरून हवा शिरली तरच पाणी उतरतं, असं बाई सांगतच होत्या, तेवढ्यात केवळा उभी राहिली. तिनं सांगितलं, ओतताना बाबाचा अंगठाबी काठाखाली एकाच जागी असतो. वर्गात नुसता गोंधळ उडाला.

"तिथं भोक असेल," बाई म्हणाल्या, "पण बघितल्याशिवाय मानायचं नाही."

दुसऱ्या दिवशी केवळा आईची कुंकवाची पेटी घेऊन भरल्या तांब्याची पूजा करायला गेली. बाबा खूश. पोरीनं काठाखाली बोट फिरवलं, बारीकसं भोक लागलं. मग तिनं बायकांच्या रीतीनं आधी मेण चोपडलं आणि वर ठसठशीत कुंकू लावलं.

बाबाचा चेहराच उतरला. कुंकू पुसावं, तर समोर शंभर सवाष्णी बसलेल्या! त्यानं पाणी ओतलं, तांब्या ठेवला, मंत्र पुटपुटला, ओरडला, घामाघूम झाला. तांब्या ठणठणीत कोरडा.

"गंगा दमली आसंल," म्हातारी नागुबाई म्हणाली, आणि माणसं फिदीफिदी हसायला लागली.

बाबानं सिंधुबाईंकडं बोट करून विटाळ झाल्याचं सांगितलं. हसू थांबलं. बाईंच्या घरानं छप्पन साली बुद्धाचा धम्म घेतला तो असल्या बोटांना कंटाळूनच. बाईंना संताप आला, पण आवाज चढला नाही.

"केवळा, मेण काढ गं," त्या म्हणाल्या.

केवळानं नखानं मेण खरवडलं. कुणी मंत्र म्हटला नाही, तरी तांब्यात गुळगुळ पाणी चढायला लागलं. तांब्याला दोन भिंती, मधल्या पोकळीत पाणी, आत बुडाशी दुसरं भोक. वरचं बंद तर हवा बंद, आणि हवा बंद तर गंगाही बंद. बाईंनी दोन्ही भोकं दाखवत हे सांगितलं आणि तांब्या सरळ लोकांच्या हाती दिला. मग काय, प्रत्येकालाच बाबा व्हायचं होतं! नागुबाईनं मंत्र म्हणून सुनेला शिव्या घातल्या, तरी गंगा आली. ह्या धुमाळीत खरा बाबा कधी पसार झाला, कळलंही नाही.

हणमंतरावांनी तीनदा करून बघितलं. मग मान खाली घालून म्हणाले, "बाई, खोली तुमची."

"पोरींची," बाई म्हणाल्या. "अन् एक ऐका. कुणी चमत्कार दाखवला की ती वस्तू आधी हातात मागा. देत नसला, तर तुम्हीही त्याला काही देऊ नका."

गर्दी पांगली तरी केवळाचा बाप ज्ञानोबा तिथंच घुटमळत होता. शेवटी टोपी सारखी करत त्यानं विचारलं, "बाई, सातवीची पुस्तकं लातुरात कुठं मिळत्यात?"